घंटा वाजवील त्याची ओटी

जळकोटच्या देवळामागं, भजनाच्या खोलीत, 'जगदंबा मातृसहाय्य केंद्र' उघडून सात महिने झाले होते आणि तेवढ्या काळात तिथं एकच बाई आली होती. तीही मुतारी कुठं आहे ते विचारायला. तिची एसटी हायवेवर पंक्चर झाली होती. तिनं तोंड उघडायच्या आत सेविका हरणाबाईनं तिची ओटी भरली, तिला पाटावर बसवलं आणि पडद्यामागून वसंतराव गुरुजींनी तिला धीर दिला. बिचारी अर्धा तास धीर घेत बसली. गाडी निघून गेली.

केंद्राचा हेतू चांगला होता. न ठरवता दिवस गेलेली एखादी लेकबाळ देवीच्या दारात आली तर तिला आधार मिळावा, कुणी बोट दाखवू नये. कल्पना वसंतरावांची. हेडमास्तरकीतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, आणि निवृत्त हेडमास्तराला समाजकार्य सुचलं की गावानं सावध राहावं. त्यांनी समिती नेमली. समितीत सात पुरुष, आणि बाईमाणूस म्हणून भिंतीवरच्या तसबिरीतली देवी.

या सात जणांनी मिळून गुप्ततेचे नियम केले. आत आलेल्या बाईचं तोंड दिसू नये म्हणून मधोमध पडदा. सेविकेनं आलेल्या बाईला ओळखायचं नाही. बोलणं पूर्ण होईपर्यंत भरली ओटी घेऊन पाटावरून उठायचं नाही, तांदूळ सांडणं अशुभ. इथपर्यंत ठीक होतं. पण शंभुलिंग हार्डवेअरवाल्यानं कूलर देताना अट घातली, की सोबत माझ्या वडलांच्या नावाची घंटाही लावायची. घंटा एकवीस किलोची. मग नियम झाला, की आलेल्या बाईनं घंटा वाजवावी, आणि जो घंटा वाजवील त्याची ओटी भरली जाईल. आता घंटा वाजली तर गावाला कळणार, मग गुप्तता कसली? त्यावर दोन बैठका झाल्या आणि तोडगा निघाला. स्पीकरवरून गावाला सांगण्यात आलं, की केंद्राची घंटा ऐकू आली की ज्यानं त्यानं जिथं असेल तिथं पाठ फिरवून उभं राहावं.

गुरुजींच्या बायकोला, प्रेमलाला, हे सगळं जेवता जेवता कळायचं. ती भाकरी वाढायची आणि गप्प बसायची. सत्तावीस वर्षांत तिला गप्प बसायचा चांगला सराव झाला होता. ती कर्नाटकाच्या सीमेजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. लग्न होऊन आली तेव्हा 'न्हाय' म्हणायची. 'न्हाय नव्हे, नाही म्हण,' असं गुरुजींनी पहिल्या आठवड्यात शिकवलं, आणि पुढं एवढं शिकवलं की तिची माहेरची भाषा माहेरीच राहिली.

तर या प्रेमलाला चव्वेचाळिसाव्या वर्षी दिवस गेले.

तिला आधी वाटलं, पाळी जायचं वय झालं. मग सकाळी मळमळायला लागलं. तुळजापूरला ओटीचं सामान आणायला म्हणून गेली आणि मेडिकलमधून दिवस तपासायची पट्टी घेऊन आली. मग धाराशिवला दाढ दाखवायला म्हणून गेली आणि डॉक्टरीणबाईंना पोट दाखवून आली. नववा आठवडा. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "या वयात धोका आहे, पण आपण काळजी घेऊ शकतो. नको असेल तर तेही करता येतं. कायद्यानं सही तुमची एकटीची पुरते. पण घरी बोला, आणि आठवड्याभरात मला सांगा."

घरी बोला! इथंच घोडं पेंड खात होतं. घरात सून मैथिली सातवा महिना घेऊन बसलेली. तिच्या डोहाळजेवणाची तयारी प्रेमलाच करत होती, आणि हिरव्या बांगड्या मोजता मोजता तिला घाम फुटायचा. सासू-सुनेचं बाळंतपण एका वर्षात! गाव हसून हसून लोळेल. तिला लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि कधी कधी दुपारी पोटावर हात ठेवला की गोडही वाटत होतं. या तिन्हीचं काय करायचं, हे तिला एकटीला झेपत नव्हतं. तिला नवऱ्याशी बोलायचं होतं. दहा मिनिटं, बस.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "अहो, जरा बोलायचं होतं." गुरुजी पत्रक लिहीत होते, 'संकटातील भगिनींनो, मन मोकळे करा.' ते म्हणाले, "बोल, ऐकतोय," आणि खोडरबर मागितलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "केंद्राचं एवढं मार्गी लागू दे." तिसऱ्या दिवशी फोन आला म्हणून उठून गेले. चौथ्या दिवशी म्हणाले, "असं कर, तुझं जे काय असेल ते थोडक्यात, मुद्देसूद लिहून ठेव."

प्रेमला त्या रात्री नीट झोपली नाही. सकाळी तिच्या लक्षात आलं, की आपला नवरा बाईमाणसाचं मन लावून ऐकतो, पण त्याची वेळ आणि जागा ठरलेली आहे. मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा, देवळामागं.

आज मंगळवार होता.

चैत्रातलं ऊन मी मी म्हणत होतं. प्रेमला डोक्यावरून पदर घेऊन गल्लीतून निघाली. देवळापाशी थांबून तिनं हात जोडले. "आई, तुझ्या नावानं चाललंय सगळं. आता बघ तूच." मग ती केंद्राच्या दारात गेली आणि तिनं अगदी हलक्या हातानं घंटेची दोरी ओढली. पण एकवीस किलोच्या घंटेला हलकं वाजणं माहीत नसतं. हायवेवरच्या ट्रकवाल्यानंसुद्धा स्टिअरिंग सोडून नमस्कार केला.

आणि अख्खी गल्ली वळली. पानवाला, त्याच्याकडे आलेलं गिऱ्हाईक, रिक्षातले तिघं, पारावरची म्हातारी मंडळी, सगळे पाठ करून उभे राहिले. समोरच्या हॉटेलात महांतप्पा चहा गाळत होता, तो तसाच गाळता गाळता फिरला.

"पायरी जपून वैनी," तो भिंतीकडं बघत म्हणाला, "फरशी निसटलीय तिथली."

आत हरणाबाई ताट घेऊन सज्जच होती. सात महिन्यांत पहिल्यांदा खरं काम आलं होतं. प्रेमलाचं तोंड बघून तिच्या हातातला नारळ निसटता निसटता राहिला. पण ती नियमाची पक्की.

"तुमी कोन ओ बाई? म्या काय वळखलं न्हाय तुमास्नी," ती मोठ्यानं म्हणाली, आणि मग कानाशी येऊन, "मास्तरीणबाई, आवो, ह्या वयात?"

"भर ओटी," प्रेमला म्हणाली.

हरणाबाईनं खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि पाच ओंजळी तांदूळ तिच्या पदरात घातले. प्रेमला पाटावर बसली आणि तिनं समोर बघितलं. पडदा हिरव्या साडीचा होता. ती साडी तिचीच होती, मुलाच्या, मुकुलच्या वेळच्या डोहाळजेवणातली. गुरुजींनी न विचारता कपाटातून काढून नेली होती. मनातल्या मनात तिनं त्यांना एक शिवी हासडली, माहेरची.

पडद्यामागून खाकरल्याचा आवाज आला. "या ताई," वसंतराव म्हणाले. "निर्धास्त बसा. इथं तुमचं सगळं ऐकलं जाईल. पाणी हवं का तुम्हाला?"

प्रेमला चाटच पडली. हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. सत्तावीस वर्षांत या माणसानं तिला पाणी मागितलं होतं, विचारलं नव्हतं. बोलायला तोंड उघडलं तर शिकवलेली भाषा घशातच अडकली, आणि तिच्या मागून माहेरची आपोआप बाहेर आली.

"नगं पानी. तुमी इच्चारा काय इच्चारायचं ते."

कूलर धडधडत होता. गुरुजींनी फॉर्म पुढं ओढला. त्यांच्या डोक्यात एवढंच आलं, की सीमेकडची कुणी गरीब बाई दिसते. बायकोला स्वतःच्या आवाजात बोलताना त्यांनी ऐकून पाव शतक झालं होतं, त्यांना तरी कसं कळावं!

फॉर्ममध्ये चाळीस प्रश्न होते. वय, शिक्षण, गोत्र. कुलदैवत कोणतं, तुळजाभवानी नसल्यास कारण. मंगळवार धरता का. दात किती. हा शेवटचा प्रश्न शाळेच्या आरोग्य तपासणीच्या फॉर्ममधून चुकून आला होता, पण गुरुजी शिस्तीचे, त्यांनी तोही विचारला. प्रेमलानं जीभ फिरवून दात मोजले आणि सांगितले.

"झाले चाळीस," गुरुजी समाधानानं म्हणाले.

"झालं?" प्रेमला म्हणाली. "माझं दात मोजलंत, द्येव इच्चारला. ह्या पोटाचं मला काय करावं वाटतंय, त्ये न्हाय इच्चारलंत?"

पडद्यामागं कागद उलटसुलट झाले. बराच वेळ झाले. सात पुरुषांच्या दोन बैठकांत हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. मग पेनचा आवाज आला. गुरुजी फॉर्मच्या तळाशी एक्केचाळिसावा प्रश्न लिहीत होते.

"चुकलं आमचं, ताई," ते म्हणाले. "सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

प्रेमलाचे डोळे भरून आले. ओटी सांडेल म्हणून तिला पदरही लावता येईना.

"मला भ्या वाटतंय," ती म्हणाली. "चव्वेचाळीस वय माजं. सुनंला सातवा हाय. ठिवावं वाटतंय, आन ठिवू नयेबी वाटतंय. दिसातनं दहा डाव मन फिरतंय. डाक्टरीणबाईनं आठ दिस दिल्यात, त्यातलं पाच ग्येलं. ठरवीन म्याच. पर ठरवायच्या आदी एकदा सगळं बोलून टाकायचंय, आन ऐकायला मानूस न्हाय."

"आणि नवरा?"

"त्येस्नी येळ न्हाय."

"वेळ नाही?" गुरुजींचा आवाज चढला. "बायकोवर असा प्रसंग, आणि वेळ नाही? करतो काय हा गृहस्थ?"

"समाजकार्य."

"डोंबलाचं समाजकार्य!" गुरुजी कडाडले. त्यांनी टेबलावर मूठ आपटली, देवीची तसबीर हलली. "स्वतःच्या घरात अंधार आणि चालले लष्कराच्या भाकऱ्या भाजायला! असल्या माणसाला भर चौकात उभं करून जाब विचारला पाहिजे. ताई, घाबरू नका. आजच्या आज त्याला इथं बोलावतो, तुमच्या शेजारी बसवतो आणि त्याची चांगली खरडपट्टी काढतो. नाव सांगा त्याचं."

"नाव कसं घिऊ त्यांचं?"

"बरोबर आहे. मग उखाण्यात घ्या. पण घ्या."

हरणाबाई कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून उभी होती. लग्नात घेतलेला उखाणा प्रेमलाला गुरुजींनी लिहून दिला होता. हा तिनं स्वतःच जुळवला.

"देवीच्या दारी टांगली घंटा मोठी,
वसंतरावांचं नाव घेते, चव्वेचाळिसाव्या वर्षी भरली ओटी."

कूलर धडधडत राहिला. गुरुजींनी सवयीनं नाव लिहून घेतलं.

"गावात वसंतराव दोन आहेत," ते हळू म्हणाले. आवाजातला गुरुजी निम्मा गेला होता.

"दुसरे दिवाळीत वारले," प्रेमला म्हणाली. या वेळी तिनं त्यांनी शिकवलेल्या भाषेत सांगितलं, म्हणजे शंका नको.

पेनाला टोपण लागल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. पावलं वाजली, आणि मागचं दार उघडून बंद झालं.

प्रेमला पदरातल्या तांदळाकडे बघत बसली. गेले. फोन आला नाही, तरी गेले. तिला वाटलं, आपण उगाच आलो. घरीदारी एकच माणूस, पडदा लावला म्हणून काय बदलतो? तिनं उठायला हात टेकला.

तेवढ्यात घंटा वाजली.

बाहेर गल्लीला काही कळेना. आत्ता कुठं लोक सरळ झाले होते, ते पुन्हा वळले. दार उघडलं आणि वसंतराव आत आले, चपला बाहेर काढून, उन्हातून देवळाला वळसा घालून. त्यांचं तोंड उतरलं होतं. ते पडद्याच्या पलीकडे गेले नाहीत. प्रेमलाच्या शेजारी दुसरा पाट होता, त्यावर येऊन बसले.

हरणाबाई ताट घेऊन पुढं झाली.

"तुमी कोन ओ? म्या वळखलं न्हाय."

"हरणाबाई, काय चालवलंय? बाजूला व्हा."

"नेम तुमीच ल्हिवलाय, गुर्जी. घंटा वाजवील त्याची ओटी. पुढं करा."

वसंतरावांनी भिंतीवर डकवलेल्या नियमांकडे पाहिलं. खाली त्यांचीच सही होती. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोन्ही हातांनी मांडीवर धरलं. हरणाबाईनं कपाळाला हळदकुंकू लावलं, खण घातला, नारळ घातला, हळकुंड, सुपारी, आणि तांदूळ मात्र पाचाच्या ठिकाणी सात ओंजळी, काठोकाठ. मग ती पडद्याच्या पलीकडे जाऊन गुरुजींच्या खुर्चीवर बसली.

गुरुजींच्या खिशात फोन वाजायला लागला. बहुतेक शंभुलिंगाचा, दुसऱ्यांदा घंटा का वाजली ते विचारायला. गुरुजींचा उजवा हात हलला, तसे उपरण्याच्या काठावरून चार दाणे घरंगळले. त्यांनी घाईनं हात परत आणला. फोन वाजून वाजून थांबला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच वसंतरावांना उठून जाता येत नव्हतं.

ते मान तेवढी वळवून बायकोकडे बघू लागले. कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलं होतं.

"प्रेमला," ते म्हणाले, "दात तेवढे माझ्या लक्षात राहिले. बाकीचं पहिल्यापासून सांगशील?"

प्रेमलाला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं दोन्ही येऊ दिलं. मग ती मळमळीपासून सुरू झाली आणि माहेरच्या भाषेत, मुद्देसूद वगैरे न राहता, सांगत गेली. मध्ये एकदा ते काही बोलणार होते, पण 'मग?' एवढंच म्हणाले.

पडद्यामागून हरणाबाई म्हणाली, "गुर्जी, सा वाजलं. केंद्र बंद करायची येळ झाली."

"थांबा जरा," वसंतराव म्हणाले. "तिचं अजून व्हायचंय."

बाहेर महांतप्पाचं दूध उतू गेलं, पण तो वळला नाही.