गुळगुळीत भिंत

शेवटच्या खड्ड्यात पुट्टी भरून ताईने त्यावर पॉलिश पेपर फिरवला आणि तळहात लावून पाहिला. कुठेच काही टोचत नव्हतं. अंध वृद्धांच्या त्या आश्रमातल्या लांबलचक पॅसेजची भिंत आता या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत झाली होती.

ताई म्हणजे त्यांच्या चर्चच्या पाळकांची धाकटी मुलगी. मंडळीच्या तरुण संघाला सेवेसाठी एवढ्या मोठ्या शहरात आणायची जबाबदारी तिच्यावर पहिल्यांदाच पडली होती, आणि अशा माणसाचं जे होतं तेच तिचं झालं: उत्साह जरा जास्तच झाला. आश्रमाच्या मॅडम नुसता रंग द्यायला सांगून कामासाठी बाहेर गेल्या होत्या. पण दारादाराशेजारी पडलेले टवके आणि खिळ्यांची भोकं बघून ताईला चैन पडेना. त्यावरच रंग फासायचा तर मग सेवा कसली, असं म्हणून तिने सगळ्यांना कामाला जुंपलं. पोरं कुरकुरली, पण पाळकांच्या मुलीपुढे बोलणार कोण?

मॅडम परतल्या त्या दुपारच्या चहाला. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. ते टवके म्हणजे इथल्या माणसांच्या दारांच्या खुणा होत्या. कुणाच्या दाराशी दोन भोकं, कुणाच्या दाराशी लांबट खड्डा. बोटांना ती खूण लागली की माणूस आपल्या खोलीत शिरायचा. म्हणून तर ते खड्डे वर्षानुवर्षं कुणी बुजवले नव्हते.

"माझंच चुकलं," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला सांगायला हवं होतं."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. त्यात चहाला बहुतेक सगळे जमले, पण पूर्वी घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी आजोबा आले नाहीत. खोली रिकामी, न्हाणीघर रिकामं. आणि शिडी आत आणताना पोरांनी उघडलेलं फाटक तसंच सताड उघडं होतं.

फाटकाबाहेर चारपदरी रस्ता. ताई चप्पल न घालताच धावली. पानवाल्यापासून बसथांब्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं, कुणी पाहिलं नव्हतं. घरी वडिलांना काय सांगायचं हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. म्हातारा माणूस गाड्यांच्या आवाजात एकटा उभा असेल, एवढंच तिला दिसत होतं. देवा, ते सापडू देत, भिंत मी नखांनी खरवडेन, असं ती मोठ्याने पुटपुटत होती. येणारे-जाणारे वळून बघत होते.

तेवढ्यात संघातल्या एकीने फाटकातून हाक मारली. आजोबा सापडले होते. शेजारच्याच खोलीत, शिवणकामवाल्या आजींकडे खुर्चीवर बसून गप्पा मारत होते. चहाची वेळ झाल्याचं दोघांनाही कळलं नव्हतं.

"दार चुकलो," आजोबा म्हणाले. त्यांना जराही वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

ताईचा जीव भांड्यात पडला. ती उंबऱ्यातच बसली आणि हसता हसता रडली. आजींनी चाचपत येऊन तिच्या पाठीवर हात फिरवला.

रंग द्यायचा बेत त्या दिवशी तसाच राहिला. ज्याने त्याने आपली खूण सांगायची आणि पोरांनी ती दाराशी ठोकायची, असं ठरलं. कुणी बटण मागितलं, कुणी दोरीचा तुकडा. एका आजोबांनी बाटलीचं बूच मागून घेतलं, आणि कशाच्या बाटलीचं ते मात्र सांगायला तयार होईनात. घड्याळजींनी आपल्या जुन्या डब्यातून एक दातेरी पितळी चाक काढून दिलं. ताईने ते स्वतः बसवलं आणि शेजारच्या दाराशी आली.

"आजी, तुम्हाला काय लावू?"

"तेच. त्यांना लावलंस ते."

"अहो, मग आजोबा पुन्हा तुमच्याच खोलीत येतील."

आजींचा हात गुळगुळीत भिंतीवरून सावकाश फिरत होता.

"इतकी वर्षं शेजारी राहतो," मग त्या हळूच म्हणाल्या. "आज पहिल्यांदा चुकले गं ते."

आजोबांच्या डब्यातून तेवढंच दुसरं चाक ताईने हुडकून काढलं, आणि अगदी त्याच उंचीवर ठोकलं.