रोझलीनच्या आईचं फडकं

उत्तर आयर्लंडच्या संघाचा झेंडा राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनाला रोझलीन मॅकगर्कनं धरायचा, असं समितीनं ठरवलं आणि तिच्या घरात ठिणगी पडली. झेंडा लाल पंजाचा, म्हणजे प्रोटेस्टंटांचा, रोझलीन कॅथलिक. तिच्याच हाती दिला की कुणाची तक्रार राहणार नाही, असा समितीचा हिशेब. झालं भलतंच, दोन्हीकडून तक्रारी आल्या.

मग नवा झेंडा शोधायला बैठक बसली. चहा आणि केकच्या वड्या पुढ्यात होत्या, म्हणून ती लांबलीही. हिरवा नको, तो कॅथलिकांचा. नारिंगी नको, तो प्रोटेस्टंटांचा. लाल-निळ्याचं, म्हणजे ब्रिटिश झेंड्याच्या रंगांचं, तर नावच काढू नका. पांढरा शरणागतीचा.

"राहिला उकडलेल्या बटाट्याचा रंग," मर्विन गिल्पिन म्हणाला. तो रोझलीनचा लॉन बोल्सच्या खेळातला जोडीदार, प्रोटेस्टंट. पण हिरवळीवर चेंडू घरंगळवताना दोघांना एकमेकांचा धर्म कधी आठवला नव्हता. बटाट्याची सूचना गंभीरपणे टिपून घेतली गेली आणि जुनाच झेंडा कायम झाला.

रोझलीनच्या भावानं, डर्मटनं, फोनवर बजावलं, "तो झेंडा धरलास तर आईच्या घराची पायरी चढू नकोस."

निघताना आईनं फक्त स्वयंपाकघरातलं एक फडकं लेकीच्या बॅगेत कोंबलं, चेंडू पुसायला. त्यावर दोन्हीकडच्या घरांत होणाऱ्या सोडा ब्रेडची कृती छापली होती.

रोझलीननं झेंडा धरला. नाही म्हटलं असतं, तर झेंडा नाकारणारीचा जोडीदार म्हणून मर्विनला त्याच्या गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. दोघांनी कांस्यपदक मिळवलं. पण टीव्हीवर रोज दिसलं ते तिच्या कमरेला खोचलेलं फडकं.

ती परतली तेव्हा गावच्या दोन्ही टोकांना, कॅथलिकांच्या आणि प्रोटेस्टंटांच्याही, एकूण एक खांबावर तसलीच फडकी फडकत होती. हे प्रेम दुपारपर्यंत टिकलं. मग कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं, की काठ निळा आहे आणि अक्षरं हिरवी. मोठं काय, काठ की अक्षरं, हे ठरवायला समिती नेमली गेली.

आईच्या दारात रोझलीनचा हात घंटीपर्यंत जाईना. दार आतूनच उघडलं. मागे टेबलाशी डर्मट बसला होता, मान खाली घालून.

"माझं फडकं कुठाय?" आई म्हणाली. "भांडी ओली पडलीत."

रोझलीननं ते काढून दिलं. आईनं एक ताटली नीट पुसली आणि टेबलावर रोझलीनच्या जागी ठेवली.