एकतीस फ्रिज

मास्तरांनी चाळीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, आणि सगळ्यांकडून एकच गोष्ट घोकून घेतली: उत्तर लिहिण्याआधी पडताळा घ्या. म्हणूनच निवृत्तीनंतर वस्त्यांच्या पाहणीचं काम निघालं, तेव्हा कचेरीतल्या साहेबांनी त्यांनाच बोलावलं. घरोघर जायचं आणि कोणाकडे काय आहे ते तक्त्यात भरायचं. पक्कं छप्पर, नळ, शिलाई मशीन, फ्रिज. प्रत्येक वस्तूला गुण. घरांची सरासरी साठच्या वर गेली की वस्ती विकसित.

चार महिन्यांनी एका सकाळी नर्सबाई दारात येऊन उभी राहिली. ती मास्तरांचीच विद्यार्थिनी. शाळेत गणितं इतकी धावतपळत सोडवायची की मास्तरांनी तिचं नावच घाईबाई ठेवलं होतं. आता ती दुरुस्तीवाल्यांच्या वस्तीत एका खोलीचा सरकारी दवाखाना चालवत होती.

"मास्तर, एक अर्ज लिहून द्या. तुमचं अक्षर पाहून साहेब निदान वाचेल तरी."

"कसला अर्ज, घाईबाई?"

"एक तारखेपासून दवाखाना बंद. म्हणे वस्ती विकसित झाली! एकसष्ट गुण पडलेत. माझ्या सात बाया दिवस भरत आलेल्या, त्यांनी काय बसमध्ये उभं राहून शहर गाठायचं? कुठल्या गाढवाने एकतीस घरांत एकतीस फ्रिज दाखवलेत कोण जाणे."

मास्तरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"पण... फ्रिज आहेत ना तिथे?"

"आहेत की! चला, दाखवतेच."

नाही म्हणायला त्यांना कारण सुचेना. पहिल्याच घरात एक आजी डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

"या मास्तर! आज तरी आत येणार का? गेल्या खेपेला उंबऱ्यावरूनच पळालात. पाणी विचारलं तर म्हणालात, गुडघा दुखतोय आणि अजून तीस घरं व्हायचीत."

नर्सबाईने मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पायातल्या चपलांकडे पाहत राहिले.

आजींनी उठून फ्रिजचं दार उघडलं. आत दिवा लागला नाही. घड्या घातलेली लुगडी, पिठाचा डबा, अंड्यांच्या खाचांत दोऱ्याची रिळं, आणि वर बर्फाच्या कप्प्यात मुलांचे शाळेचे दाखले.

"पोरं भंगारातून आणतात," आजी म्हणाल्या. "दार असं गच्च बसतं, उंदराची टाप नाही आत शिरायची. कपाट घ्यायला पैसा कुठाय?"

तक्त्यात फ्रिजसमोर बारीक अक्षरांत छापलं होतं: चालू स्थितीत. मास्तरांना ते आता जसंच्या तसं आठवलं.

नर्सबाईने एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. गाढव म्हणाली होती, ते पुन्हा म्हणाली असती तरी चाललं असतं. पण ती नुसतं म्हणाली, "सांभाळून या मास्तर, पायरी उंच आहे." एवढ्या आदराने ती आजवर कधी बोलली नव्हती. मास्तरांचे कान तापले.

कचेरीत साहेबांनी समजूत घातली. "छपाईची चूक झाली असं लिहा. तुमचं नाव कशाला खराब करता? पुढची पाहणीही तुम्हालाच द्यायचीय."

"म्हणजे दुरुस्ती कधी होईल?"

"ते वरून यायला दोन महिने लागतील."

"आणि मीच चुकलो असं लिहिलं तर?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "तर इथेच होईल. उद्या कचेरी बंद व्हायच्या आत तक्ते आणून द्या. पण मास्तर, मग पुढचं काम..."

"तक्ते द्या," मास्तर म्हणाले.

दुपारभर ते दारोदार फिरले, फ्रिजची दारं उघडून पाहिली. शाळेत ते मुलांना चूक खोडू देत नसत. एक रेघ मारायची, खालची चूक दिसत राहिली पाहिजे, आणि शेजारी ती का झाली ते लिहायचं. तसंच त्यांनी लिहिलं: मी दारातून पाहिलं, उघडून पाहिलं नाही. एकतीस वेळा. मग तक्त्यांचा गठ्ठा नर्सबाईपुढे ठेवला.

"तपास."

तिने एकेक पान सावकाश पाहिलं. प्रत्येक पानावर तेच वाक्य, आणि तिच्यासमोर मास्तर हात बांधून उभे. एका पानावर तिचं बोट थांबलं.

"मास्तर, सव्विसावं घर. त्यांचा फ्रिज चालतो. लसींसाठी बर्फ मी तिथूनच आणते."

मास्तरांनी डोळे मिटले. त्या घराला कुलूप होतं. इतक्या घरांत कपाटच निघालं होतं, इथेही तेच असणार असं धरून ते पुढे गेले होते.

"जाऊ द्या, मी सांगते ना, बरोबर करून टाका," ती हळूच म्हणाली. "एका फ्रिजने सरासरी काही साठच्या वर जात नाही."

"तू सांगतेस म्हणून लिहायचं?"

त्यांनी तेवढं एक पान उचललं आणि सव्विसाव्या घराच्या पायरीवर जाऊन बसले. घरमालक संध्याकाळी कामावरून येणार होता. समोरून आजींनी हाक मारली, "मास्तर, कुलपावर पहारा ठेवलाय की काय?"

"हो आजी," मास्तर म्हणाले. "आणि पाणी असलं तर द्या. आज थांबणार आहे."