"हो सर"ची ड्यूटी

संख्याशास्त्राचे सर शिकवायला उभे राहिले की त्यांच्या खुर्चीला काही कामच उरत नसे. फळा डावीकडून उजवीकडे भरायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. बाही खडूने पांढरी, घसा कोरडा, तरी गडी थांबायचं नाव घेत नसे. शेवटी हात झटकून विचारायचे, "समजलं?" वर्गातून खणखणीत उत्तर यायचं, "हो सर!" त्या एका "हो"वर स्वारी दुसऱ्या दिवसापर्यंत खूश. माणसाला काय हो लागतं जगायला!

यंदा मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. ताईची मुलगी त्यांच्याच घरी राहून त्यांच्याच वर्गात शिकत होती. तिला सोडायला आलेल्या ताईने दारातच बजावलं होतं, "तुझ्या हवाली करतेय. तुझ्याच विषयात नापास झाली, तर कॉलेज बंद आणि माझ्यासोबत बटणांच्या दुकानात. आणि तू मला तोंड दाखवू नकोस." पोरीला दुकान नको होतं. तिला शिकायचं होतं, आणि मामावर तिचा भारी विश्वास होता.

सहामाहीचा निकाल लागला आणि सरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. अख्खा वर्ग आडवा झाला होता. भाचीसुद्धा.

प्राचार्यांनी लगेच सगळ्या प्राध्यापकांची बैठक घेतली. विद्यार्थ्यांचं यश या विषयावर ते एका दमात इतकं बोलले की किटलीतला चहा निवायला आला. मग विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" रसायनशास्त्राच्या बाई तत्परतेने म्हणाल्या, "अगदी स्पष्ट, सर!" लगेच कप भरले गेले. सरांच्या स्वतःच्या डोक्यात एक अक्षर शिरलं नव्हतं. बाईंची बुद्धी काय तल्लख आहे, असं वाटून ते मनातल्या मनात ओशाळले.

घरी येऊन त्यांनी सगळा राग ताटावर काढला. "रोज विचारतो मी, रोज! समजलं का? आणि रोज 'हो सर'! मग पेपरात काय भूत शिरतं तुमच्या अंगात?"

भाचीने घास खाली ठेवला. "मामा, रागावणार नसाल तर सांगते. ते 'हो' ड्यूटीचं असतं."

"कसली ड्यूटी?"

"'समजलं?' म्हटल्यावर कोणी बोललं नाही, तर तुम्ही सगळं पहिल्यापासून शिकवता. सुट्टी बुडते. म्हणून बाकांच्या क्रमाने ठरलंय, रोज एकाने 'हो सर' म्हणायचं. आणि कोणीच शंका विचारली नाही की तुमचा चेहरा पडतो, म्हणून शंकेचीपण ड्यूटी असते."

"तू पण?" सरांनी विचारलं.

"शंकेची होती माझी. तुम्ही शाब्बास म्हणालात."

सरांना ते शाब्बास चांगलं आठवत होतं. बायकोला कौतुकाने सांगितलंही होतं. जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. दहाजणांच्या वर्गात एकाला शंभर मार्क आणि बाकी सगळ्यांना शून्य; तर सरासरी काढा आणि ती वर्गाबद्दल काय सांगते ते बोला. मग खुर्चीवरची धूळ झटकून ते चक्क बसले. वर्ग चिडीचूप. उत्तर सांगून मोकळं व्हावं म्हणून सरांची जीभ नुसती वळवळत होती. त्यांनी ती दातांखाली धरली.

शेवटी खिडकीजवळच्या बाकावरून, सवयीने, आवाज आला, "हो सर!"

"हो काय, हो?" सर उसळले. "सरासरी काय 'हो' आली का?"

वर्ग खो खो हसला आणि कोंडी फुटली. भाची उठून म्हणाली, "दहा. म्हणजे प्रत्येकाला दहा-दहा मिळाले." साफ चूक! सर अर्धे उठले, पुन्हा बसले. शेजारची मुलगी म्हणाली, "अगं, शून्यवाल्याला कुठले दहा?" तिसरा मध्ये पडला. बघता बघता जुंपली. सर ऐकत राहिले आणि मनात लाजले, कारण घोडं पहिल्याच धड्यात अडलं होतं. आणि सर त्यावर मजल्यावर मजले चढवत बसले होते.

तेव्हापासून "समजलं?" हा शब्द बंद. एक प्रश्न टाकायचा, तोंड मिटायचं, पोरं कुठे चुकतात ते ऐकायचं आणि तेवढंच शिकवायचं. सरांना ते उपासापेक्षा जड गेलं. पण वार्षिक परीक्षेत वर्ग तरला आणि भाची चांगल्या मार्कांनी पास झाली. ताई फोनवर रडली. सरही रडले, पण खोकल्याचं निमित्त करून.

प्राचार्य खूश. "तुमची पद्धत पुढच्या बैठकीत सगळ्या प्राध्यापकांना समजावून सांगा!"

सरांनी जय्यत तयारी केली. शिक्षकाने कमी बोलावं, या विषयावर ते बोलायला लागले ते थांबेचनात. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. बाही पांढरी झाली. काय तो आवेश! शेवटी हात झटकले आणि जुन्या सवयीने तोंडातून निघूनच गेलं, "समजलं?"

"अगदी स्पष्ट, सर!" रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या.

खुर्च्या सरकल्या. सर जागच्या जागी गार पडले. "थांबा बाई, मग सांगा बघू..." एवढं ओठांवर आलं होतं, पण प्राचार्य किटलीपाशी पोचले होते, आणि सरांच्याही हातात कोणीतरी कप दिला होता. त्यांनी तो मुकाट्याने प्यायला.

घरी भाची दारातच वाट बघत होती. "कसं झालं मामा? समजलं त्यांना?"

"अगदी स्पष्ट," सर बूट काढत म्हणाले.

भाचीने त्यांच्या पांढऱ्या बाहीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे देवा! म्हणजे सगळे नापास."