पाळण्याची कडी कुणी लावायची

नूरुद्दीनचा आकाशपाळणा इतका उंच होता, की वरच्या डब्यात बसलेल्या पोराला खाली येईपर्यंत मिसरूड फुटायचं. पाथर्डीकडच्या आमच्या जत्रेत तो दरवर्षी भिंगारहून पाळणा घेऊन यायचा. एकदा वरच्या दांडीला ढग अडकला, तर त्यानं तो बांबूनं ढकलून बीडकडं लावून दिला. हे तुम्हाला खोटं वाटेल. पण पुढचं सगळं खरं आहे, कारण ते मी उभा राहून पाहिलं.

यंदा त्यानं गल्ल्यावर बसायला शिंगणापूरचा अजिनाथ आणला होता. ज्या गावात घरांना दारं नाहीत, तिथला माणूस गल्ल्याला हात लावायचा नाही, असा त्याचा विचार. विचार बरोबरच होता. पण डब्यांत माणसं बसवणारा गडी तापानं फणफणला, तेव्हा नूरुद्दीननं अजिनाथलाच तिकडं उभं केलं आणि गल्ला आपल्या बायकोकडं, मेहताबकडं दिला. तिथं घोटाळा झाला. अजिनाथनं जन्मात कशाला कडी लावलेली नव्हती. त्यानं आमच्या गावातल्या बिभीषणच्या सहा वर्षांच्या पोरीला, रेश्माला डब्यात बसवलं, फाटक मायेनं लोटलं आणि चालू करायला हात वर केला. कडी तशीच लोंबत राहिली.

डबा माणूसभर उंच गेला, फाटक उघडलं आणि रेश्मा शेजारच्या दुकानातल्या रेवड्यांच्या ढिगात येऊन पडली. ढीग होता म्हणून वाचली, तरी डावं मनगट मोडलंच. प्लास्टर घालून आली, तेव्हाही तिच्या केसांतून तीळ गळत होते.

फौजदारानं पाळणा बंद केला आणि सगळ्यांना चौकीच्या तंबूत बोलावलं. बिभीषणनं तक्रार दिली असती, तर पाळण्याला सील लागणार होतं. नूरुद्दीनचं सगळं वर्ष या जत्रेवर चालायचं, त्यामुळं त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"पाळणा नटबोल्टला चोख आहे साहेब," तो म्हणाला. "कडी यानं लावली नाही. आत टाकायचं तर याला टाका."

"आमच्याकडं लावत न्हाईत," अजिनाथ म्हणाला. "मला वाटलं, लोटलं म्हंजे झालं."

"बाबा, तुझं घर जमिनीवर असतं," फौजदार म्हणाला.

"शिवाय पाटी आहे," नूरुद्दीननं सांगितलं. "पाळण्यात आपापल्या जबाबदारीवर बसावे."

बिभीषण बाकावरून उठला. "माझी पोर अजून बाराखडीत हाय," तो म्हणाला. "आन मी वाचली आस्ती, तरी तुमची कडी मी कशी लावनार? पोर डब्यात, मी कठड्याच्या भायेर."

तंबूच्या दाराशी नगरचे जुने वकील आप्पासाहेब भजी खात उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, म्हणूनच ते आत आले.

"पाटी लावून हलगर्जीपणा माफ होत नाही," ते म्हणाले. "आणि कामावरच्या माणसाची चूक ती मालकाची चूक. याला का ठेवलंत?"

"शिंगणापूरचा म्हणून."

"म्हणजे तिथं कडीकुलूप नसतं, हे ठाऊक होतं?"

"ते साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे."

"तरी याच्या हाती कडी दिलीत," आप्पासाहेब म्हणाले आणि उरलेलं भजं तोंडात टाकलं.

नूरुद्दीन काही बोलणार, तेवढ्यात मेहताब पुढं आली. "चार दिवस लोक मालक मालक म्हणत होते, तर मिशीला पीळ देत होतात. पोर पडली आणि हा गरीब मालक झाला व्हय?"

तंबूत कुणी हसलं नाही, पण सगळ्यांना हसू आलं होतं. नूरुद्दीननं टोपी काढली, पुन्हा घातली आणि बिभीषणकडं वळला. "पाळणा माझा, माणूस माझा, चूक माझी. पोरीचा हात धड होईस्तोवर दवाखाना मी बघतो. तक्रार द्यायची तर माझ्या नावानं द्या, याच्या नको."

"मला कुनाला आत टाकायचं न्हाई," बिभीषण म्हणाला. "दुसऱ्याची पोर पडाया नको, यवढंच."

दुसऱ्या दिवशी सरकारी इंजिनियर आला. त्यानं प्रत्येक डब्याला दुसरी कडी बसवायला लावली आणि मगच पाळणा सोडला. अजिनाथ गल्ल्यावर परत गेला, कड्या मेहताबनं आपल्याकडं घेतल्या. जत्रेची शेवटची संध्याकाळ. दिवे लागले, गाणी लागली, पण डब्यात कुणी बसेना. सगळी जत्रा बिभीषणकडं बघत होती.

"मी बसतो," तो म्हणाला. "पन मालक माझ्याशेजारी बसनार."

नूरुद्दीन पांढराफटक पडला. "मला इंजिनाकडं बघायचंय."

"काही बघायचं नाही," मेहताब म्हणाली. "लग्न झाल्यापासून हे कधी वर गेलेले नाहीत. स्टुलावर चढले तरी यांना गरगरतं." तिनं नवऱ्याला डब्यात ढकललं, दोन्ही कड्या लावल्या आणि हलवून पाहिल्या.

डबा माथ्यावर पोचला, तेव्हा नूरुद्दीननं अशी आरोळी ठोकली, की ती शेवगावच्या स्टँडवर ऐकू गेली आणि एक एसटी वेळेआधी सुटली. डबा खाली आला, तर त्यानं बिभीषणच्या गळ्याला मिठी मारली होती, आणि बिभीषण त्याची पाठ थोपटत होता.

"कड्या पक्क्या हायेत," बिभीषणनं लोकांना सांगितलं. "मालक तेवढा ढिला हाय."

मग रांग लागली. नूरुद्दीननं डब्याची दांडी घट्ट धरली होती, त्याला उतरताच येईना. तो तिथंच बसून राहिला, आणि जत्रा उठेपर्यंत त्याच्याशेजारची माणसं तेवढी बदलत गेली.