मोठ्या काकांची वाचा

रंगभूमीवर तीस वर्षं काढलेल्या त्या नटाला सगळे खर्जबुवा म्हणत. आवाजच तसा होता. नाट्यगृहाचा माईक बिघडला तर व्यवस्थापक दुरुस्तीवाल्याला बोलवत नसे, मेकअपरूमच्या दारातून डोकं आत घालून म्हणे, "बुवा, आज आवाज जरा चढवा." शेवटच्या रांगेत डुलकी काढणाऱ्याला दचकवून उठवायची त्या आवाजात धमक होती. पण अलीकडे शेवटच्या रांगेत सोडाच, तिसऱ्या रांगेतही डुलकी काढायला कुणी फिरकत नव्हतं.

म्हणून टीव्ही मालिकेचं बोलावणं आलं तेव्हा बायको म्हणाली, "जा की. समोर माणसं नाहीत म्हणून तिथे झुरायला नको. तिथे ती नसतातच."

बुवा गेले. भूमिका होती मोठ्या काकांची: घरातले कर्ते, करारी, सुनेची बाजू घेणारे. सेटवरच्या घराला ऐसपैस जिना होता, पण वर खोली नव्हती. रागावून जिना चढायचा आणि 'कट' ऐकू येईपर्यंत प्लायवूडच्या मागे अंग चोरून उभं राहायचं. बुवांनी जिन्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचं भांडण होतं भाषेशी.

"'मी तुझी मदत करतो' असं नसतं, बाई," ते लेखिकेला म्हणाले. "'तुला मदत करतो.' मदत काय तिच्या मालकीची आहे?"

लेखिका आठवड्याला सहा भाग लिहायची. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मेकअपवाल्यालाही झाकता आली नसती. "चालतं, सर," ती म्हणाली.

"चालतं म्हणून चालवायचं?"

असं रोज होऊ लागलं. बुवा तांबडी पेन्सिल घेऊन बसत, पानभर संवाद लाल करत, आणि चित्रीकरण तासभर खोळंबे. सून झालेली नटी तेवढ्यात एक डुलकी काढून घेई. तिची काही तक्रार नव्हती. दिग्दर्शकाची होती. लेखिका मात्र घरी गेली आणि तिने पुढचा भाग लिहिला.

मंगळवारी पानं हातात आली. धाकट्या भावाचं कारस्थान कळताच मोठ्या काकांना जबर धक्का बसतो. त्यांची वाचा जाते.

बुवांनी पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं. "किती दिवसांसाठी?"

"ते प्रेक्षक ठरवतील, सर," लेखिका गोड हसून म्हणाली.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "लग्न झाल्यापासून सांगतेय, जीभ आवरा. शेवटी परक्या बाईने आवरली."

आता बुवांना काम एकच उरलं. घरात भांडण पेटलं की कोपऱ्यात उभं राहायचं. मग ढगांचा गडगडाट व्हायचा आणि कॅमेरा तीनदा त्यांच्या तोंडावर यायचा. बुवा खिडकीकडे बघत. दोरीवरचे कपडे बायकोने काढले असतील का, असा विचार करत. आणि घरोघरी लोक डोळे पुसत: काय ती व्यथा! काय तो मूक आक्रोश!

दोन महिन्यांत खर्जबुवांना गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखू लागलं. औषधाच्या दुकानदाराने त्यांच्याशी हातवारे करून बोलायला सुरुवात केली. बुवा म्हणाले, "अहो, मला बोलता येतं." तेव्हा दुकानदार गहिवरून म्हणाला, "येईल हो, नक्की येईल. धीर सोडू नका." एका बाईंनी रस्त्यात थांबवून रोज जिभेखाली लवंग धरायला सांगितली. त्यांच्या आत्तेभावाला गुण आला होता म्हणे.

तीस वर्षं गळा ताणला त्याचं कुणी नाव काढलं नव्हतं. गप्प राहिल्याबद्दल वर्षाचा सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून त्यांची निवड झाली. बुवांनी चार पानी भाषण लिहिलं, आरशासमोर पाठ केलं. समारंभात मंचावर चढण्याआधी वाहिनीची बाई कानाशी कुजबुजली, "सर, बोलू नका हं. लोकांचा भ्रमनिरास होईल."

बुवांनी भाषण खिशात तसंच राहू दिलं आणि छातीवर हात ठेवला. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं.

मग नाटकाच्या व्यवस्थापकाला जाग आली. जुनं नाटक पुन्हा लावलं. एका निवृत्त न्यायाधीशाचं आणि त्याला सोडून गेलेल्या बायकोचं नाटक ते. बायकोचं काम करणारी नटी बावीस वर्षं तीच होती. घरची बायको बुवांना 'अहो' म्हणे, ही सरळ 'अरे'.

पहिल्याच दिवशी तिकिटं संपली. पडदा उघडला. बुवा पुढे आले, श्वास भरला आणि गरजले, "माझा निकाल बदलणार नाही!"

"अगंबाई, वाचा आली!" दुसऱ्या रांगेतून एक बाई ओरडली.

टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो थांबेना. लोक रडत होते, शेजाऱ्याला मिठ्या मारत होते. बुवांनी दुसरं वाक्य घेतलं, पुन्हा तेच. "पाणी आण," एवढं म्हटलं तरी शिट्ट्या. पहिला अंक संपायला वीस मिनिटं जास्त लागली आणि न्यायाधीशाने काय निकाल दिला होता, हे एकालाही कळलं नाही.

दुसऱ्या अंकात बुवांनी हाय खाल्ली. तोंड उघडलं की नाटक बुडतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून ते आपली वाक्यं गिळू लागले. नाटकातली बायको क्षणभर बावरली, मग मुरलेल्या नटीसारखी एकटीच पुढे निघाली. बुवा उभे. करायला काहीच नाही म्हणून ते ऐकू लागले.

"निकाल वाचताना तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस," ती म्हणत होती. "समोर आपलाच मुलगा उभा होता, आणि तू कागदाकडे बघत होतास."

हे वाक्य नाटकात आहे, हे बुवांना बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं. त्या वेळी ते पुढच्या गर्जनेसाठी श्वास भरत असत. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खिडकी नव्हती, दोरीवरचे कपडे नव्हते. नाट्यगृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

नंतर मेकअपरूममध्ये ती कापसाने तोंड पुसत होती. बुवा म्हणाले, "सगळा घोळ झाला ना?"

"माझी वाक्यं आज पहिल्यांदा पूर्ण झाली," ती म्हणाली. "एरवी मी श्वास घेतला की तू घुसतोस." मग कापूस टाकून देत म्हणाली, "उद्या मात्र बोल बाबा. अधूनमधून. तू अडवलं नाहीस की मला पुढचं आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी बुवा लवकर सेटवर गेले. लेखिका कोपऱ्यात लॅपटॉपवर वाकून बसली होती. बुवांनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला.

"काकांना एवढ्यात बोलकं करू नका," ते म्हणाले. "ती सुनेचं काम करणारी मुलगी बरी करते हो. मी आजवर तिचं नीट ऐकलंच नव्हतं. आता ऐकावं म्हणतो."

लेखिकेचा चेहरा पडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला बुवांची दया आली असावी.

"सर, आधी सांगायचं ना," ती म्हणाली. "वरून मंजुरी येऊन गेली. सोमवारी काकांचे कान जातायत."

घरी हे कळल्यावर बायको इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "जाऊ देत तिथले. इथले तेवढे चालू ठेवा. मला तुम्हाला बरंच काही सांगायचंय."

बुवा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.