हाकेची यादी

भोंगेकाका निवृत्त झाले, पण त्यांचं नाव काही निवृत्त झालं नाही. बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया सुटला तर वस्तीने काय करायचं, याचा आराखडा त्यांनी बावीस वर्षं सांभाळला होता. दर महिन्याला भोंगा वाजवून बघायचे, म्हणून हे नाव. बाकीची खाती उंटावरून शेळ्या हाकत. काका मात्र जिने चढून विचारून यायचे, कोणाला चालता येत नाही, कोणाला ऐकू येत नाही.

आराखड्याचा सगळा जीव हाकेच्या यादीत होता. प्रत्येक गल्लीला एक हाक्या. भोंगा झाला की त्याने यादीप्रमाणे दारं ठोठावायची, माणसं बाहेर काढायची, दाराला पांढरं फडकं बांधायचं आणि सगळ्यांना शाळेच्या मैदानावर न्यायचं. फडकं दिसलं की शोधपथक त्या घरात शिरत नाही. काकांच्या गल्लीचा हाक्या होता कोपऱ्यावरचा शिंपी. माणूस गुणी, फक्त बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

आज वर्षाचा सराव होता आणि पहिल्यांदाच काका घरी होते. नियंत्रण कक्षात आता नव्या मॅडम बसत. हाक आल्याशिवाय हलायचं नाही, असं काकांनी ठरवलं होतं. नियम त्यांचाच होता. पण खरं सांगायचं तर ते निमित्त होतं. काकू गेल्याला दीड वर्ष झालं होतं. मुलगी परगावी, तिचा फोन वाजायचा. दार मात्र कोणी वाजवत नव्हतं. कोणीतरी दार ठोठावावं आणि ‘काका, चला’ म्हणावं, एवढीच त्या माणसाची हाव होती.

त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पिशवीत औषधं भरली, रुमाल ओला केला आणि बूट घालून दाराजवळ खुर्ची टाकून बसले.

दहाला भोंगा झाला. शिंप्याचा आवाज गल्लीत शिरला. समोरच्या आजीबाईंना खुर्चीसकट उचललं, त्या रागावल्या, लोक हसले. मग शेजारचं दार वाजलं आणि काका उठून उभे राहिले. त्यांच्या कडीपाशी काहीतरी खुडबुडलं. पावलं पुढे निघून गेली.

फटीतून बघितलं तर कडीला पांढरं फडकं.

दार उघडून बाहेर पडता आलं असतं. हात कडीपर्यंत गेलाही, पण रुसलेल्या पोरासारखे ते परत येऊन बसले. गल्ली ओस पडली. थोड्या वेळाने मैदानावरच्या कर्ण्यातून आवाज आला की सर्व रहिवासी सुखरूप बाहेर पडले आहेत. टाळ्याही ऐकू आल्या.

तेव्हा कुठे त्यांना यादीतली आपली ओळ आठवली. ‘माणसं दोन. सरावाच्या वेळी दोघेही कामावर.’ अक्षर त्यांचंच. ते कक्षात असायचे, काकू मैदानावर पाणी वाटायच्या. कुठल्या घरातलं माणूस गेलं की आठवड्याच्या आत काका यादी दुरुस्त करून घ्यायचे, उशीर झाला तर हाक्याला झापायचे. ही एक ओळ तेवढी तशीच राहिली होती. पेन उचललं नव्हतं असं नाही. उचलून खाली ठेवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

अर्ध्या तासाने शिंपी फडकी सोडत आला. काकांनी दार उघडलं. बूट, पिशवी, खुर्ची बघून त्याची बडबड बंद पडली.

“काका, तुम्ही घरातच होतात?”

“होतो.”

“मग आतून आवाज तरी द्यायचा.”

कोणी कोणाला हाक मारायची हे ठरवण्यात काकांचं आयुष्य गेलं होतं. स्वतःसाठी कोणाला हाक मारायची त्यांना सवयच नव्हती. “वाट बघत होतो रे,” एवढंच ते म्हणाले.

शिंप्याने यादी काढून ती ओळ वाचली. ‘कामावर’ खोडलं. मग आकड्यावर पेन टेकवून तो अडला.

“किती माणसं लिहू?”

हाच प्रश्न काका लोकांच्या दारात उभे राहून विचारत आले होते, आणि उत्तराला वेळ लागला की घड्याळ बघायचे. शिंप्याने घड्याळ बघितलं नाही. तो उंबऱ्यावर बसला.

“एक,” काका म्हणाले.